रेझोनन्सने स्थितिस्थापक स्थिरांक मोजताना हरवलेले पीक

प्रश्न थोडक्यात असा: लेझरने पावडर वितळवून छापलेल्या इनकोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूचा साधारण ८ मिलिमीटर बाजूचा घन हाताशी आहे. ताणचाचणीत यंग मॉड्युलस (ताणलं जाण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) नमुन्यागणिक बदलतो, १६० पासून १९५ गिगापास्कलपर्यंत. म्हणून घन दोन पिएझो (विजेवर कंप पावणाऱ्या) चकत्यांमध्ये कोपऱ्यावर धरून अल्ट्रासॉनिक रेझोनन्स घेतला, म्हणजे एका चकतीने कंपन देऊन आणि दुसरीने ऐकून तो कोणत्या वारंवारतांना घुमतो ते पाहिलं. तीसेक पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, मिळाले. पदार्थ सर्व दिशांना सारखा आहे असं मानून फिट केलं (मोजलेल्या वारंवारतांशी जुळणारे स्थिरांक शोधले), तर सरासरी चूक ०.९ टक्के. शिअर मॉड्युलस (तिरकं होण्याला होणारा विरोध) दर वेळी जवळपास तोच येतो, पण सी-११ (एका दिशेने सरळ दाबण्याला होणारा विरोध) प्रत्येक फिटमध्ये पाच-सहा टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. पद्धत चुकते आहे की उपकरण?

उपकरण बहुधा ठीक आहे. वारंवारता मोजणं हा या पद्धतीतला सर्वांत सोपा भाग. साध्या फंक्शन जनरेटरनेही ती दहा हजारांत एक भाग इतकी सहज मोजता येते. घोटाळा होतो तो तुकडा तयार करताना, किंवा कोणता पीक कोणत्या मोडचा, म्हणजे कंपनाच्या कोणत्या ढबीचा, हे ठरवताना. तुमच्या बाबतीत तिसरी शक्यताही आहे: छापलेला धातू सर्व दिशांना सारखा नसणं. ही तिन्ही कारणं एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात, आणि फिटवर विश्वास ठेवण्याआधी ती ओळखलीच पाहिजेत.

आधी सी-११ का हलतो ते. मोकळा तुकडा कमी वारंवारतेला पिळला जातो, वाकतो, तिरका होतो. आकार बदलायला थोडी ऊर्जा लागते, आकारमान बदलायला बरीच जास्त, म्हणून सुरुवातीचे बहुतेक मोड शिअरचे असतात. हे आकड्यात मांडायचं तर वारंवारता ही स्थिरांकांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे कुठल्याही मोडसाठी सर्व स्थिरांकांबाबतच्या सापेक्ष संवेदनशीलतांची बेरीज नेमकी अर्धा भरते. पहिल्या पिळाच्या मोडमध्ये तो जवळजवळ पूर्ण अर्धा शिअर मॉड्युलसच्या वाट्याला जातो, सी-११ ला काहीच उरत नाही. पुढच्या मोडमध्ये सी-११ चा वाटा हळूहळू वाढतो, तरी तो लहानच राहतो. म्हणून चांगल्या मोजणीत शिअर ०.१ टक्क्याच्या आत आणि सी-११ एक टक्क्याच्या आसपास, हे या पद्धतीचं अंगभूत गणित आहे. पाच-सहा टक्के मात्र जास्त होतात. एखाद-दुसरा पीक चुकीच्या मोडला चिकटवला असेल, तर त्याचं सगळं ओझं सर्वांत दुबळ्या स्थिरांकावर जाऊन पडतं. शिअर जागचा हलत नाही आणि सी-११ वाहवत जातो. तुमचं लक्षण अगदी हेच आहे.

सी-१२ (एका दिशेच्या ताणाचा आडव्या दिशेशी संबंध सांगणारा स्थिरांक) याबद्दल तर दुप्पट सावध राहा, कारण तो कधीच थेट मिळत नाही, वजाबाकीतून येतो. याचं आपल्या देशातलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. १९४० च्या दशकात वॉल्टेअरला (आजच्या विशाखापट्टणममध्ये) आंध्र विद्यापीठात एस. भगवंतम् आणि भीमसेनाचार यांनी अल्ट्रासॉनिक लहरींनी हिऱ्याचे स्थिरांक काढले. जगात त्या काळी हे काम फार थोड्यांनी हाती घेतलं होतं. त्यांचे आकडे होते सी-११ ९५०, सी-१२ ३९० आणि सी-४४ (शिअरचा स्थिरांक) ४३० गिगापास्कल. १९५७ मध्ये मॅकस्किमिन आणि बाँड यांना मिळाले १०७६, १२५ आणि ५७६. सी-११ मधला फरक बाराएक टक्क्यांचा, पण सी-१२ तिपटीहून जास्त निघाला होता. त्या काळच्या लहान, पातळ हिऱ्यांवर एवढं काढणं हेच मोठं काम होतं, त्यामुळे यात त्यांचं न्यून काढण्याचा हेतू नाही. वजाबाकीतून येणाऱ्या राशीवर चूक किती फुगते, ते यावरून दिसतं.

तुम्हाला यावर सोपा उपाय आहे. पल्स-एकोची (ध्वनीचा ठोका पाठवून प्रतिध्वनीचा वेळ मोजण्याची) सोय असेल तर छपाईच्या दिशेने लाँगिट्यूडिनल वेग (आपल्याच दिशेने पुढे-मागे कंपणाऱ्या लहरीचा वेग) मोजा. ७१८ मध्ये तो सेकंदाला साधारण ५.७ ते ५.८ किलोमीटर असतो, म्हणजे ८ मिलिमीटरच्या घनात जाऊन-येऊन सुमारे २.८ मायक्रोसेकंद. हा वेळ दहा नॅनोसेकंदांपर्यंत वाचता आला की त्या दिशेचा स्थिरांक पाऊण टक्क्यापर्यंत पक्का होतो. तो फिटमध्ये बांधून टाका आणि उरलेलं काम रेझोनन्सवर सोपवा. दोन्ही पद्धतींत मोठी कोण हा वाद मला कधी पटला नाही. एक लाँगिट्यूडिनल नीट सांगते, दुसरी शिअर नीट सांगते.

आता हरवलेल्या पीककडे. तुकडा कोपऱ्यावर का धरतात, याचं उत्तर सगळीकडे एकच मिळतं: कोपरा हा सममितीच्या दृष्टीने सर्वांत साधा बिंदू, तिथे कुठल्याही मोडला सममितीमुळे स्थिर राहण्याची सक्ती नसते, म्हणून सगळे मोड तिथे हलतात. शिवाय टेकण्याचं क्षेत्र सुईच्या टोकाएवढं, त्यामुळे तुकडा जवळपास मोकळाच राहतो. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण सक्ती नाही म्हणजे हलतोच असं नाही, आणि तुमच्या घनात नेमका याचाच अपवाद बसलेला आहे.

लामे मोड हा चौरस काटछेदाच्या तुकड्याचा एक सुरेख मोड. त्यात चौरसाच्या समोरासमोरच्या दोन बाजू बाहेर फुगतात तेव्हा उरलेल्या दोन आत जातात, आणि पुढच्या अर्ध्या आवर्तनात उलट. याचं गणित कागदावर पूर्ण सुटतं, संगणक लागत नाही. समदिश (सर्व दिशांना सारख्या) पदार्थात वारंवारता म्हणजे शिअर लहरीचा वेग भागिले बाजूच्या १.४१४ पट. पॉयसन गुणोत्तर (ताणल्यावर आडवं किती आकसतं ते) त्यात येतच नाही, तिसऱ्या बाजूची लांबीही येत नाही. ७१८ साठी शिअर मॉड्युलस ७८ गिगापास्कल आणि घनता घन सेंटिमीटरला ८.१९ ग्रॅम धरली तर शिअर वेग सेकंदाला ३०८६ मीटर, आणि ८ मिलिमीटर बाजूसाठी लामे मोड येतो सुमारे २७३ किलोहर्ट्झला. पहिला पिळाचा मोड १७५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे हा यादीत बराच वर, सुरुवातीच्या मोडमध्ये बसतो.

आणि या मोडमध्ये चौरसाचे चारही कोपरे स्थिर असतात. समीकरणात कोपऱ्याचे अंक घाला, विस्थापनाचे दोन्ही घटक शून्य येतात. सिलिकॉनचे सूक्ष्म रेझोनेटर बनवणारे लोक याच गुणाचा उपयोग करतात: लामे मोडवर चालणारा चौरस ते कोपऱ्यांतूनच आधाराला बांधतात, कारण तिथून ऊर्जा फारशी गळत नाही. तुम्ही मात्र घन कोपऱ्यावर धरून त्याच मोडला शोधताय. तो दिसला तरी अगदी बारीक दिसेल, आणि पीक शोधणारा प्रोग्रॅम त्याला गाळून टाकेल. त्यातही तुमचा तुकडा घन असल्यामुळे असे तीन लामे मोड आहेत, तिन्ही जवळपास एकाच जागी.

सुरुवातीचा एक मोड गळाला की त्याच्या पुढचा प्रत्येक पीक एक घर खाली सरकतो. दहाव्याला प्रोग्रॅम नववा समजतो, अकराव्याला दहावा. मोड दाटीने असतात, त्यामुळे शेजारच्या चुकीच्या मोडशीही अर्ध्या-एक टक्क्याच्या फरकाने जुळणी होते. फिट कुठेच तक्रार करत नाही. तो स्थिरांक वाकवून ०.९ टक्क्यावर शांतपणे थांबतो. पोलाद, सिरॅमिक किंवा निकेल मिश्रधातूच्या नीट कापलेल्या तुकड्याला ०.१ ते ०.२ टक्के यायला हवेत. अर्ध्या टक्क्याच्या वर आकडा गेला की मी स्थिरांक वाचतच नाही, आधी मोडची यादी काढतो.

करायचं ते असं. एकदा कोपऱ्यावर धरून स्पेक्ट्रम घ्या, मग दुसऱ्या कर्णावर, आणि मग कडेच्या मध्यावर टेकवून. कडेच्या मध्यावर लामे मोड ठळक वर येतो, कारण तिथे हालचाल सर्वांत जास्त असते. हा स्पेक्ट्रम फक्त मोड ओळखण्यासाठी वापरा. वारंवारतेचा आकडा कोपऱ्यावरच्या हलक्या पकडीतूनच घ्या, तिथे पीक दिसत असेल तर. तिन्ही स्पेक्ट्रम एकावर एक ठेवा. जो पीक एका पकडीत आहे आणि दुसरीत नाही, तो खरा मोड आहे. तुकडा उचलून घेतल्यावरही जो राहतो तो ट्रान्सड्यूसरचा (पिएझो चकतीचा) किंवा स्टँडचा, तो खोडून टाका.

पुढच्या वेळी तुकडा घन करूच नका. तिन्ही बाजू स्पष्ट वेगळ्या ठेवा, समजा ८, ६.९ आणि ५.८ मिलिमीटर. कोणत्याही दोन बाजू सारख्या नसल्या की तो शुद्ध लामे मोड राहत नाही, कोपरे थोडे हलू लागतात, आणि एकावर एक बसलेले मोडही सुटे होतात. दोन बाजू मुद्दाम नेमक्या सारख्या ठेवून लामे मोड शोधायचा असेल तर तेही उत्तम, पण मग तो कडेच्या मध्यावर शोधायचा हे आधीच ठाऊक हवं.

कापण्याबद्दल थोडं. भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये वायरकट (तारेच्या ठिणग्यांनी कापणं) करून मिळतं आणि धातूसाठी ते चांगलं आहे, पण वायरकटने पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पातळ थर राहतो. तो लॅपिंग करून (बारीक घासून) काढा. छपाईतून आलेला मूळ पृष्ठभाग तर ठेवूच नका. त्याला अर्धवट चिकटलेली पावडर असते आणि कडेच्या पट्ट्यातली कणरचना आतल्यापेक्षा वेगळी असते. समोरासमोरचे पृष्ठभाग समांतर आणि शेजारचे गुण्यात हवेत. बाजू पाच-सहा ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा, फरक दहा मायक्रॉनच्या आत येईपर्यंत लॅपिंग चालू ठेवा. कोपऱ्याची खपली उडाली तर मूळ वस्तुमान कमी होतंच, शिवाय प्रत्येक मोडवर परिणाम वेगळा होतो, त्यामुळे फिटला तो सुधारता येत नाही.

मोजमापातली एक गोष्ट फायद्याची आहे. घनता तुम्ही पुस्तकातून घेतलीत तर लांबीतली चूक स्थिरांकात दुप्पट होऊन येते. तुकडा वजन करून घनता काढलीत तर तीच चूक एकपटच राहते, कारण मग स्थिरांक म्हणजे वस्तुमान गुणिले वारंवारतेचा वर्ग भागिले लांबी असा हिशेब होतो. वस्तुमान चांगल्या तराजूवर फार अचूक येतं. तुमचा घन चारेक ग्रॅमचा आहे, एक मिलिग्रॅम वाचणारा तराजू पुरे. वर्नियरवर ०.०२ मिलिमीटरची शंका राहिली तर ८ मिलिमीटरवर पाव टक्का झाला, म्हणून वर्नियर बाजूला ठेवा. वजनावरून काढलेली घनता ८.१९ पेक्षा ठळक कमी आली तर आत पोकळ्या आहेत, आणि त्या मॉड्युलसही खाली ओढतील.

आता तिसरी शक्यता, आणि ताणचाचणीचं कोडंही इथेच सुटेल असा माझा अंदाज आहे. लेझरने छापताना कण छपाईच्या दिशेने लांबट वाढतात, आणि निकेलमध्ये त्यांची घनबाजू त्या दिशेने रांगेत यायची प्रवृत्ती असते. निकेल मिश्रधातूच्या एकट्या स्फटिकात घनाच्या बाजूच्या दिशेने यंग मॉड्युलस १२५ ते १३० गिगापास्कल असतो आणि घनाच्या कर्णाच्या दिशेने ३०० च्या आसपास. कण कसेही विखुरलेले असले की सरासरी २०० च्या जवळ येते. अर्धवट रांगेत असले की उभ्या दिशेला १६०-१७० सुद्धा येऊ शकतो. तुमच्या ताणचाचणीचे नमुने काही उभे छापलेले आणि काही आडवे छापलेले आहेत का, ते आधी तपासा. असतील तर १६० आणि १९५ हे दोन्ही आकडे खरे असू शकतात. तसं नसेल तर एक्स्टेन्सोमीटरचं (लांबीतला फरक मोजणाऱ्या उपकरणाचं) घसरणं आणि पकडीचा तिरकेपणा यांच्यामुळेही एवढा पसारा होतो. ताणचाचणी मुळात ताकद मोजण्यासाठी आहे, मॉड्युलस तिच्यातून ओढूनताणून काढावा लागतो.

लेझरची दिशा दर थराला ६७ अंशांनी फिरवली असेल, आणि बहुतेक यंत्रांवर तसंच करतात, तर आडव्या प्रतलात सगळ्या दिशा सारख्या होतात. मग पाच स्वतंत्र स्थिरांक लागतात: सी-११, सी-३३, सी-१३, सी-४४ आणि सी-६६. दर थराला ९० अंश फिरवलं असेल तर सहा. पाच स्थिरांकांसाठी तीस पीक कमी पडतात, चाळीस-पन्नास घ्या. आणि कापण्याआधी छपाईची दिशा तुकड्यावर मार्करने खूण करून ठेवा. खूण पुसली गेली असेल तर तिन्ही बाजू आळीपाळीने छपाईचा अक्ष मानून फिट करा. दिशाभेद ठळक असेल तर एकच पर्याय चूक झपकन खाली आणतो.

तिन्ही कारणं ओळखायची ती उरलेल्या चुकांच्या तक्त्यावरून. सरासरी चुकीचा एक आकडा काहीच सांगत नाही, प्रत्येक मोडची चूक चिन्हासकट समोर मांडा. एका ठिकाणापर्यंत सगळं जुळतंय आणि तिथून पुढे चुका एकाच चिन्हाच्या झाल्यात, तर मोड तिथे हरवला आहे. एका अक्षाभोवतीचे पिळाचे मोड सगळे वर आणि दुसऱ्या अक्षाभोवतीचे सगळे खाली असतील, तर पदार्थ दिशागणिक वेगळा आहे. काहीच शिस्त न दिसता चुका विखुरल्या असतील, तर तुकड्याच्या भूमितीवर संशय घ्या. आणि फक्त पहिले दोन-तीन मोड मोजणीत वर दिसत असतील, तर पकड जड आहे. ट्रान्सड्यूसरचा दाब कमी करत तीन-चार वेळा मोजा आणि शून्य दाबाचा आकडा आलेखावरून काढा.

इलेक्ट्रॉनिक्सवर फार बोलण्यासारखं नाही. पितळी बझर चकत्या वापरत असाल तर बदला, त्यांचे स्वतःचे मोड नेमके तुमच्याच पट्ट्यात येतात. मिलिमीटरभर जाडीची छोटी पीझेडटी (पिएझो सिरॅमिक) चकती घ्या, तिच्या जाडीचा रेझोनन्स दोन मेगाहर्ट्झच्या आसपास असतो. स्वीप (वारंवारता सरकवत नेणं) मात्र सावकाश करा. ३०० किलोहर्ट्झला क्यू (पीक किती टोकदार आहे त्याचा आकडा) ५००० असेल तर पीकची रुंदी ६० हर्ट्झ आणि तुकड्याचं घुमणं विझायला पाचेक मिलिसेकंद लागतात. दहा हर्ट्झच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर वीस मिलिसेकंद थांबलात तर १५० ते ८०० किलोहर्ट्झचा पट्टा वीस-बावीस मिनिटांत होतो. घाई केलीत तर पीक स्वीपच्या दिशेला सरकतात आणि उंचीही कमी दिसते. मोजणीभर तापमान नोंदवा, धातूचा मॉड्युलस अंशामागे ०.०३ टक्क्याच्या आसपास उतरतो.

आकडेमोडीच्या बाजूने पाहायचं तर आजची रीत १९९१ च्या सुमारास लॉस अलामॉसच्या व्हिशर, मिग्लिओरी आणि सहकाऱ्यांनी सोपी केलेली आहे. विस्थापन हे एक्स, वाय, झेडच्या घातांच्या गुणाकारांची बेरीज मानायचं आणि त्यातून आयगेनव्हॅल्यूचा (मॅट्रिक्समधून वारंवारता काढण्याचा) प्रश्न उभा करायचा. घातांची बेरीज दहापर्यंत ठेवली तर २८६ फलनं, तीन दिशांना मिळून ८५८ चा मॅट्रिक्स, आणि आजच्या कुठल्याही लॅपटॉपवर तो क्षणात सुटतो. घनासाठी हे काम डेमारेस्टने १९७१ मध्ये केलं होतं आणि आयताकृती ठोकळ्यासाठी ओनोने १९७६ मध्ये. त्याच्याही आधी ऑर्सन अँडरसनच्या गटाने छोट्या गोलांवर हे तंत्र बसवलं होतं, आणि १९७० मध्ये चंद्राच्या मातीत सापडलेल्या काचेच्या गोळ्यांवर ते वापरलं गेलं. इतक्या लहान नमुन्याला हात घालू शकणारी दुसरी पद्धत तेव्हा जवळपास नव्हती.

तुमचा प्रोग्रॅम तपासायला तीन गोष्टी पुरतात. पहिल्या सहा वारंवारता शून्य यायला हव्यात, कारण ते तुकड्याचं नुसतं सरकणं आणि फिरणं आहे. दोन बाजू सारख्या ठेवून लामे मोडचा कागदावरचा आकडा प्रोग्रॅममधून निघायला हवा. सिलिकॉनसाठी सी-११ १६५.७, सी-१२ ६३.९ आणि घनता २.३२९ घाला, स्फटिकाच्या अक्षांवर कापलेल्या ५ मिलिमीटर बाजूसाठी तो ६६१ किलोहर्ट्झच्या जवळ येतो. आणि प्रत्येक मोडच्या संवेदनशीलतांची बेरीज अर्धा यायला हवी. तिसरी तपासणी फार थोडे लोक करतात, पण डेरिव्हेटिव्हमधली चूक तिथे लगेच सापडते.

इनकोनेलला पुन्हा हात घालण्याआधी फ्यूज्ड क्वार्ट्झच्या एका ठोकळ्यावर सगळी साखळी चालवून बघा. तो खरोखर समदिश असतो, क्यू भरपूर असतो, आणि शिअर मॉड्युलस ३१.२ गिगापास्कलच्या जवळ यायला हवा. तिथे ०.१ टक्का आला की तुकडा कापणं, पकड, स्वीप आणि प्रोग्रॅम चारही ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. मग इनकोनेलमध्ये जे उरेल ते इनकोनेलचं.

आकडे अहवालात लिहिताना ते अॅडिअॅबॅटिक आहेत, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण व्हायला वेळ न देणाऱ्या जलद कंपनातून आलेले आहेत, असं नमूद करा. शिअरला त्याने काही फरक पडत नाही, पण बल्क मॉड्युलस (आकारमान बदलण्याला होणारा विरोध) संथ चाचणीतल्या आकड्यापेक्षा धातूंमध्ये दोनेक टक्के जास्त येतो, आणि संगणकावर ताणाचं विश्लेषण करणारा माणूस तो फरक तुमच्या माथी मारेल.

प्लास्टिक, रबर किंवा मऊ कंपोझिटसाठी याच मार्गाने जाऊ नका. तिथे क्यू पन्नासच्या खाली गेला की शेजारचे पीक एकमेकांत मिसळतात. हाडासारख्या पदार्थावर लोकांनी हे करून दाखवलं आहे, पण तिथे पीक वेगळे काढायला संख्याशास्त्राचं बरंच अवजड काम लागतं. आणि लांब पट्टी हाताशी असेल, फक्त यंग मॉड्युलस हवा असेल, तर एएसटीएम ई १८७६ या मानक चाचणीप्रमाणे पट्टी दोन दोऱ्यांवर ठेवून टिचकी मारा आणि मायक्रोफोनने वारंवारता घ्या. १०० मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी २.६ किलोहर्ट्झला वाजते. मात्र दोऱ्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या ०.२२४ अंतरावर, हालचाल नसलेल्या जागी हव्यात, आणि त्या सूत्रात जाडी तिसऱ्या घातात येते, म्हणून जाडी मायक्रोमीटरनेच मोजायची.